ढाबळीची जमीन: पारव्याचं खत, बंदुकीची दारू आणि आपली पांढर



आजची नोंद लांबची आहे, पार इंग्लंडातली. पण विषय खताचा आणि मातीचा आहे, म्हणून आपल्याच पानावर लिहितोय. जरा मोठी झालीय, निवांत वाचा.

विषय आहे कबुतरांची जुनी ढाबळ. दादरचा कबुतरखाना डोळ्यापुढे आणू नका. तिथं लोक दाणे टाकायचे आणि पाखरं यायची, एवढंच. मी म्हणतोय ती ढाबळ म्हणजे मुद्दाम बांधलेलं पक्कं घर. जाड दगडी किंवा विटांच्या भिंती, आणि आतून चारी बाजूंनी खालपासून वरपर्यंत कोनाडेच कोनाडे. एका कोनाड्यात पारव्याची एक जोडी. पाखरं छपराच्या फटीतून आत-बाहेर करणार, दिवसभर शिवारात चरणार आणि रात्री घरी येणार. मालकाला मिळणार पिल्लांचं मांस आणि जमिनीवर साचलेलं खत.

अशा शेकडो ढाबळी आज इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, फ्रान्समध्ये उभ्या आहेत आणि सरकार, संस्था त्या जपतात. वेल्समध्ये पेनमनची घुमटाची ढाबळ आहे, साधारण १६०० सालची, हजारेक कोनाड्यांची. हेरफर्डशायरमध्ये गार्वेची गोल ढाबळ आहे, तिच्यावर १३२६ साल कोरलेलं आहे आणि कोनाडे ६६६. मी वाचायला घेतलं ते पाखरांसाठी. वाचत गेलो तसं लक्षात आलं की या इमारतींचा खरा इतिहास भिंतीत कमी आणि पायाखालच्या मातीत जास्त आहे. आणि दुरुस्तीच्या कामात पहिला घाव बसतो तो त्या मातीवरच.

विलिंग्टनची ढाबळ

बेडफर्डशायर परगण्यात ग्रेट उझ नदीजवळ विलिंग्टन नावाचं गाव आहे. तिथली ढाबळ १५४१ च्या सुमारास सर जॉन गॉस्टविक यानं बांधली. हा माणूस आधी कार्डिनल वुल्सीच्या चाकरीत होता, पुढं आठव्या हेन्रीच्या तिजोरीसाठी चर्चकडून कर गोळा करणारा मोठा अधिकारी झाला. १५२९ मध्ये त्यानं विलिंग्टनची जहागीर विकत घेतली. ढाबळ दगडी आहे, कडेच्या भिंती पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेल्या, छप्पर दोन टप्प्यांचं आणि मधल्या फटीतून पाखरांना वाट. आत दोन खण आणि साधारण १,५०० कोनाडे.

गॉस्टविकचा वाडा आज उभा नाही. उरली ती ढाबळ आणि समोरचा घोड्यांचा तबेला. आता दोन्ही इमारती नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहेत. वाडा गेला आणि खताचं घर राहिलं, हे आपल्यासारख्याला वाचून बरं वाटतं. पण थोडा हिशेब करू.

दाणे कुणाचे, खत कुणाचं?

हा हिशेब माझा, कागदावरचा. १,५०० पैकी निम्मेच कोनाडे भरलेले धरा. ७५० जोड्या, म्हणजे १,५०० मोठी पाखरं. पिल्लं सोडून द्या. एक पारवा दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणे खातो. झाले दिवसाला ४५ किलो, वर्षाला १६४ क्विंटल. त्यातलं निम्मं तणाचं बी, सांडलेलं धान्य आणि मालकानं स्वतः टाकलेले दाणे समजू. तरी ८२ क्विंटल शिवारातून गेलं. त्या काळात तिकडं गव्हाचं उत्पन्न एकरी अडीच-तीन क्विंटलच्या आसपास. म्हणजे तीसेक एकरांचं पीक एका ढाबळीनं खाल्लं.

आता मुख्य गोष्ट. ढाबळ बांधायचा हक्क सगळ्यांना नव्हता. जुन्या काळी तो जहागीरदाराचा आणि मठाचा. पारवा मात्र बांध बघून चरत नाही. तो कुळाच्या पेरणीवर बसायचा, उगवणारा दाणा उकरायचा, पिकलेल्या कणसावर तुटून पडायचा. कुळानं त्याला मारलं तर गुन्हा. संध्याकाळी पाखरू कुळाचे दाणे पोटात घेऊन मालकाच्या घरी जायचं आणि रात्रभर मालकाच्या जमिनीवर खत टाकायचं. दाणे एकाचे, खत दुसऱ्याचं. सारा वसूल करायला कारकूनसुद्धा लागत नव्हता.

स्कॉटलंडमध्ये १६१७ साली कायदा करावा लागला, की जवळच्या दोन मैलांत ठरावीक धान्य पिकेल एवढी स्वतःची जमीन असेल त्यानंच ढाबळ बांधावी. म्हणजे पाखरांनी खाल्लंच तर निदान मालकाचंच जास्त खावं. फ्रान्समध्ये प्रकरण फारच पेटलं. १७८९ मध्ये राजाला कळवायच्या तक्रारी गावोगाव लिहून घेतल्या, त्यात ढाबळींची तक्रार पुन्हा पुन्हा आली. ४ ऑगस्टच्या रात्री सरंजामी हक्क मोडायचं ठरलं आणि ११ ऑगस्टच्या हुकमात दुसरंच कलम ढाबळींचं. ढाबळीचा खास हक्क रद्द. गाव ठरवील त्या काळात कबुतरं कोंडून ठेवायची. त्या काळात बाहेर दिसली तर ती शिकार समजायची आणि आपापल्या जमिनीवर कुणीही मारावीत.

क्रांती म्हटलं की आपल्याला बॅस्टिल आठवतं. पण शेतकऱ्याला पेरणीच्या दिवसांतले पारवे आठवत होते.

हे खत एवढं मोलाचं का?

आपल्या चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. पाखराच्या विष्ठेत त्याच्या कितीतरी पट. कारण साधं आहे, पाखरू दाणे खातं आणि त्याचं मूत्र विष्ठेतच मिसळून पडतं, वाहून जात नाही. म्हणूनच ताजी टाकली तर पीक जळतं, कुजवूनच वापरावी लागते. रोमन शेतीलेखक कोलुमेला यानं पहिल्या शतकात पाखरांच्या खतात ढाबळीच्या खताला पहिला नंबर दिलाय, कोंबडीच्या खताला त्यानंतर.

इराणमध्ये इस्फहानच्या आसपास तर ढाबळी मुख्यतः खतासाठीच बांधल्या. मातीच्या विटांचे उंच बुरूज, आत हजारो कोनाडे. सतराव्या शतकात तिथं राहिलेला फ्रेंच प्रवासी शार्दां सांगतो की शहराभोवती असे तीनेक हजार बुरूज होते. त्यांचं खत खरबूज-कलिंगडाच्या वाफ्यांत जायचं. रासायनिक खत आलं, बुरुजांचं काम संपलं, आणि मातीच्या भिंती पावसात विरघळायला लागल्या. त्यातले काही आता दुरुस्त करून जपलेत.

जमीन खणणारी सरकारी माणसं

आता गोष्ट येते जमिनीवर. द्राक्ष, डाळिंब, टोमॅटोला आपण ठिबकमधून १३:००:४५ सोडतो. पोटॅशियम नायट्रेट. यालाच जुन्या भाषेत सोरा म्हणत. बंदुकीच्या काळ्या दारूत चारपैकी तीन भाग सोराच असतो, उरलेल्या भागात कोळसा आणि गंधक.

कारखाने नव्हते तेव्हा हा सोरा कुठून आणायचा? तबेल्याच्या, गोठ्याच्या आणि ढाबळीच्या जमिनीतून. विष्ठेतला अमोनिया मातीतल्या जिवाणूंमुळं नायट्रेटमध्ये बदलतो. शेतीशास्त्र शिकलेले याला नत्रीकरण म्हणतात. छपराखालची, पाऊस न लागलेली मुरलेली माती खणायची, पाण्यात निथळायची, राख घालायची आणि ते पाणी आटवायचं. खाली सोऱ्याचे खडे.

सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडच्या राजसत्तेनं हे काम करणारी माणसं नेमली होती. त्यांच्याकडं सरकारी परवाना असायचा. ते कुणाच्याही ढाबळीत, तबेल्यात शिरून जमीन उकरू शकत. अंडी फुटायची, पाखरं उठून जायची, मालक बोंब मारायचे. १६२० च्या दशकात पहिल्या चार्ल्स राजानं फर्मानच काढलं, की ढाबळीच्या आणि तबेल्याच्या जमिनीवर फरशी घालायची नाही, माती मोकळीच ठेवायची, म्हणजे सोरा तयार होत राहील. लोकांचा संताप इतका वाढला, की १६५६ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय खणायला बंदी करणारा कायदा झाला. पुढं ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं बिहारचा सोरा भरून न्यायला लागली आणि इंग्लंडमधल्या ढाबळींच्या जमिनी सुटल्या. तिकडच्या जमिनीचा जाच इकडच्या मातीनं मिटवला.

म्हणून एखाद्या जुन्या ढाबळीची जमीन कापून बघितली तर ती नुसती माती नसते. विष्ठेचे थर, मध्येच उकरून परत भरलेला खड्डा, त्यावर चुन्याची फरशी, फरशीवर पुन्हा खत. कोण कधी आत आलं, काय घेऊन गेलं, हे त्या थरांत राहिलेलं असतं.

मग राखण कशी करतात?

या कामाला तिकडं जे नाव आहे त्याचा मतलब ‘नजर ठेवणं’. पूर्ण उत्खनन नाही. इमारतीला विजेची तार टाकायचीय, पावसाच्या पाण्याला चर काढायचाय, पाया बघायचाय, तर त्या खोदकामाच्या वेळी पुरातत्त्वाचा जाणकार तिथं उभा राहतो. पद्धत अशी:

१) काम सुरू होण्याआधी लेखी आराखडा. कुठं, किती खोल, कोण बघणार, काही सापडलं तर काय करायचं. महत्त्वाच्या संरक्षित इमारतीला परवानगीशिवाय हात लावणं गुन्हा आहे. जुन्या स्मारकांसाठी तिकडं १९७९ चा कायदा आहे.

२) यंत्र लावलंच तर बकेट दात नसलेलं. नांगरासारखं उकरायचं नाही, पातळ पातळ थर सोलत जायचं. शक्य तिथं हातानंच.

३) रंग बदलला, चुना लागला, हाड-खापर दिसलं की यंत्र थांबतं. थापीनं साफ करून बघायचं.

४) चराची उभी बाजू सरळ कापून तिचं चित्र काढायचं. प्रत्येक थराला नंबर. फोटोत मोजपट्टी हवीच. आपण मातीपरीक्षणाला खड्डा घेऊन थर बघतो, तसंच हे.

५) मातीचे नमुने पिशवीत. काही चाळून हाडं शोधायची, काही पाण्यात कालवून वर तरंगणारे जळके दाणे आणि बिया गोळा करायच्या.

६) शेवटी अहवाल, आणि तो परगण्याच्या दप्तरात जमा. काही सापडलं नाही तरी तसं लिहून जमा. पुढच्या माणसाला कळावं की इथं अमुक फूट खोलीपर्यंत बघून झालंय.

सुकलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला वाईट, त्यामुळं हे सगळं मास्क लावून. आपल्याकडं जुन्या वाड्यात, गोदामात साफसफाई करताना हे विसरू नका.

भिंतीवरही नजर असतेच. भेगेवर खुणा लावून ती वाढतेय का बघतात. चुन्याच्या भिंतीच्या दरजा सिमेंटनं भरत नाहीत, कारण सिमेंट ओल कोंडतं आणि जुना दगड-वीट पापुद्र्यानं सुटते. आपले जुने वाडे, विहिरी, मंदिरं दुरुस्त करताना हेच घडतं, बरं का. आत वटवाघळं किंवा गव्हाणी घुबड राहत असेल तर त्यांनाही कायद्याचं संरक्षण आहे, त्यांचा हंगाम बघून काम करावं लागतं. शेतातले उंदीर खाणारं घुबड ढाबळीत राहतंय म्हणजे इमारत अजून शेतीच्याच कामाला आहे.

या नजरेतून बारीक गोष्टी सापडतात. कित्येक ढाबळींत खालच्या ओळींचे कोनाडे नंतर बुजवलेले दिसतात. अठराव्या शतकात तिकडं तपकिरी उंदीर पसरला, तो अंडी-पिल्लांवर पडायचा, म्हणून खालचे कोनाडे बंद केले. काही ठिकाणी मधोमध उभा खांब असतो आणि त्याला शिडी बांधलेली. खांब फिरवला की शिडी चारी भिंतींवरून फिरते, एक माणूस खाली न उतरता सगळे कोनाडे तपासतो. वॉरविकशायरमधल्या किनवॉर्टनच्या ढाबळीत असा खांब अजून आहे. खांब गेला असेल तर जमिनीच्या मध्यात त्याच्या टोकाची खळगी उरते. आणि जमीन न बघता कुणी काँक्रीट ओतलं की ती खळगीही गेली.

मातीनं एक मोठा प्रश्नही सोडवलाय. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात शिवटा आणि सादोन इथं साधारण दीड हजार वर्षांपूर्वीच्या, बायझंटाइन काळातल्या ढाबळी आहेत. हैफा विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या मातीतली कबुतरांची हाडं मोजली. पाखरं लहान निघाली, जंगली पारव्याच्या बांध्याची. मांसासाठी पाळली असती तर निवड करून मोठी जात केली असती. म्हणजे वाळवंटातल्या त्या शेतकऱ्यांना हवं होतं खत, द्राक्षबागांसाठी. कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, हाडांनी सांगितलं.

आता आपल्या पांढरीकडं

हे सगळं लिहायचं कारण इथं आहे. आपल्याकडं गावाची पांढर आणि शेताची काळी. जुनी वस्ती उठली की मागं पांढरीचं टेकाड राहतं. राख, शेण, हाडं, पडक्या मातीच्या भिंती, सगळं मुरलेलं. ती माती शेतात टाकली की पीक चांगलं येतं, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतं. पूर्वी बैलगाडीनं नेत, आता जेसीबी आणि ट्रॅक्टर. बैलगाडीनं पन्नास वर्षांत जेवढं टेकाड कमी व्हायचं, तेवढं आता दोन दिवसांत जातं.

त्या मातीत काय असतं? शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ मध्ये उत्खनन केलं. साधारण तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, धान्य साठवायच्या जागा, जळके दाणे मिळाले. बार्ली हे त्यांचं मुख्य पीक होतं हे त्या दाण्यांवरून कळलं. पाणी वळवायचा बांध आणि पाटही सापडला. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचा एवढा जुना सातबारा दुसरा कुठं आहे? तो पांढरीतच होता. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादची काशाची प्रसिद्ध शिल्पं १९७४ मध्ये मिळाली, तीही गावातल्याच एका माणसाला, झाडाचं मूळ खणताना.

गावोगाव उत्खनन होणार नाही, ते मलाही कळतं. नेहमीचं खोदकामही थांबणार नाही. पाइपलाइन जाणार, शेततळं होणार, घराचा पाया निघणार. पण नजर ठेवायला काही लागत नाही. टेकाडाजवळ चर काढताना आपल्यातलं एक माणूस तिथं उभं राहू शकतं. राखेचा पट्टा, रंगीत खापर, घडीव दगड, हाडांचा थर दिसला की दहा मिनिटं यंत्र थांबवायचं. शेजारी टेप किंवा खुरपं ठेवून फोटो काढायचा, गट नंबर आणि खोली लिहायची, मग पुढचं काम. नाणी-दागिना-मूर्ती मिळाली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणं कलेक्टरला कळवावंच लागतं, ते लपवू नये. खापराचं मात्र कुणाला काही वाटत नाही, आणि तारीख बहुतेक वेळा खापरच सांगतं.

मातीच न्यायची असेल तर निदान मधला गाभा सोडा, कडेची घ्या. त्याहून बरं म्हणजे आपलं शेणखत आणि कोंबडखत नीट कुजवा. पांढरीची माती एकदाच मिळते, शेणखत दरवर्षी.

विलिंग्टनच्या कुळांची नावं कुणी सांगत नाही, गॉस्टविकचं सांगतात. पण त्या कुळांचा गहू पारव्यांच्या पोटातून त्याच जमिनीत गेला. तिथं खोदकाम करताना कुणी बारकाईनं बघितलं, तर त्यांचीही नोंद होते. आपल्या पांढरीत तर सगळी आपलीच माणसं आहेत.

तुमच्या गावाला पांढर आहे का? तिला काय म्हणतात, किती उरलीय, तिथली माती कुणाच्या वावरात गेलीय, जरूर लिहा. जुन्या माणसांना विचारूनच लिहा, त्यांना पक्कं आठवतं.

भेटू पुढच्या नोंदीत.